दहीकेळीचे चोर

बनाबाई बांधावर खुरपं घेऊन उभी होती आणि तिच्यासमोर शशिधर, पाठीला फवारणीचा पंप लावून. दोघांच्या मधी केळीचं एक जुनं बेट. कार्तिकातलं धुकं अजून ओढ्यावरनं उठलं नव्हतं, पण भांडण कधीच उठलं होतं. मी दूध संस्थेचं सकाळचं संकलन आटपून घराकडं निघालो होतो, तो थांबलो. भांडण दिसलं की थांबायचं ही माझी सवय नव्हे, ड्यूटी आहे. संस्थेचा सेक्रेटरी म्हटल्यावर कुणाच्या दुधात किती पाणी आणि कुणाच्या बोलण्यात किती, दोन्हीचा अंदाज ठेवावा लागतो.

"मावशी, बाजूला सर," शशिधर म्हणत होता. "ह्या बेटाला रोग लागलाय. शेंड्याकडं बघ की. पानं उमलंना झाल्यात, सगळी एका जागी झुपका करून बसल्यात. ह्याच्यावरची माव्याची कीड उडून माझ्या केळीत गेली म्हंजे माझं तीन एकर झोपलं."

"तुझी केळ लावून वरीस झालं न्हाय. माझी सासूच्या काळापासनं हाय. मग रोग कुणी कुणाला दिला?"

"त्ये आता कोर्टात ठरवायचं व्हय?"

"ठरव की. तुझा पयला घास कुठल्या केळाचा, त्ये पन इचार तितं. आनि साक्षीला तुझ्या आईलाच बोलीव."

शशिधरची आई, दानम्मा, तिथंच चार पावलांवर होती. डोईवर पदर, हातात न्याहारीची दुरडी. तिची आणि बनाबाईची मैत्री दोघी सुना म्हणून गावात आल्या तेव्हापासूनची. एकीनं मराठीत शिवी हासडायची, दुसरीनं कन्नडमधी, आणि मग दोघींनीच हसायचं. आता सगळे तिच्याकडं बघायला लागले. दानम्मानं पोराकडं बघितलं, बेटाकडं बघितलं, आणि दुरडी ह्या हातातनं त्या हातात घेतली. बोलली काही नाही.

त्या न बोलण्याची बनाबाईनं मनात नोंद केली. मी पण केली.

आता ही केळ कुठली, ते सांगायला पाहिजे, कारण आमच्या गावाबाहेर ती कुणी बघितलेली नाही. तिला दहीकेळ म्हणतात. फळ आखूड, साल जाड, पिकलं की देठाकडनं आपसूक चीर जाते. आत पांढरंशुभ्र, आणि गोडीत एक आंबूस झाक, विरजण नुकतं लागलेल्या दुधासारखी. बाजारात तिला कुणी विचारत नाही. नेसरीच्या बाजाराला नेईपर्यंत निम्मी केळं फणीतनं गळून पाटीत पडलेली असतात. पण आमच्याकडं लेकराला पहिला घास ह्याच केळाचा, दुधात कुस्करून. शशिधरला तोच, मला तोच. म्हणूनच मी असा अर्धवट आंबट झालोय, असं घरचं मत आहे.

आणि दहीकेळीचा कायदा वेगळा. केळीच्या बुडातनं पिल्लू फुटतं, त्याला मुनवा म्हणतात. दुसरी कुठलीही केळ असली तर मुनवा मागून आणता येतो. दहीकेळीचा मागायचा नाही आणि मालकानं द्यायचा नाही. मागून नेलेला लागत नाही. तिन्हीसांजेला खुरपं घेऊन जायचं, गड्ड्यासकट काढायचा आणि पळायचं. मालकानं मुनवा निघेपर्यंत आंधळं व्हायचं. चोर बांधावर पोचला की मग डोळे उघडायचे आणि तोंडही. त्याच्या सात पिढ्या बाहेर काढायच्या. शिव्या जेवढ्या जोरकस, तेवढा मुनवा लवकर मूळ धरतो. बनाबाईच्या सासूनं ही केळ स्वतःच्या माहेरातनं अशीच चोरून आणली, सख्ख्या भावाच्या शिव्या खाऊन. पुढं गावात घर तिथं मोरी आणि मोरी तिथं दहीकेळ झाली, आणि ती सगळी ह्या घरच्या बायकांच्या तोंडावर पोसलेली.

मग मोऱ्यांच्या गटारी झाल्या. परसात खोल्या आल्या. ऊस बांधाला येऊन टेकला. दानम्माच्या मोरीवरचं बेट शशिधरनं जी-नाईन लावताना काढून टाकलं. जी-नाईन म्हणजे बाटलीत वाढवलेली केळ, सगळी एका उंचीची, शाळेत कवायतीला उभी केल्यासारखी. शेवटी गावात दहीकेळीचं बेट उरलं ते एकच, बनाबाईच्या बांधावर. आणि तिथंही कैक वर्षांत चोर फिरकला नव्हता.

त्या दिवशी शशिधर पंप तसाच घेऊन परत गेला. जाताना म्हणाला, "आठ दिस देतो मावशी. मग मी इचारनार न्हाय."

बनाबाईचा पोरगा कागलच्या एमआयडीसीत. तिनं त्याला फोन लावला. तो म्हणाला, "आई, त्या केळापायी शेजाऱ्यासंगं कशाला वाकडं घेतीस? गाड्यावर डझनानं मिळत्यात." बनाबाईनं फोन ठेवला तो संस्थेच्या कट्ट्यावर आणि मला म्हणाली, "बाळासो, माझ्या भाचीला फोन लाव. ती केळीच्या दवाखान्यात हाय."

दवाखाना नव्हे. स्वप्नाली जयसिंगपूरजवळ एका टिश्यू कल्चरच्या प्रयोगशाळेत कामाला आहे. रविवारी आली. पायातली चप्पल बांधावर काढून बेटात शिरली, एक पान उन्हाकडं धरलं, आणि शिरांवरच्या हिरव्या तुटक रेघांवरनं बोट फिरवलं.

"आत्ती, शशिदादाचं खरं हाय. बेट काढून जाळाय पायजे."

"तू पन तिकडचीच झालीस व्हय?"

"ऐक तरी. रोग सगळ्या अंगात गेलाय. पन शेंड्याचं अगदी टोक असतंय न्हवं, मोहरीएवढं, तिथवर तो लवकर पोचत न्हाय. टोक आपलं फुडं वाढत जातंय नि रोग मागं राहतोय. त्ये टोक तेवढं काढायचं, बाटलीत वाढवायचं, तपासायचं. नशिबात असलं तर त्यातनं चांगली केळ निघतीया."

"मोहरीएवढ्यातनं केळ?"

"तू नि मी तरी केवढ्यातनं निघालो?"

हे मात्र बनाबाईला पटलं. तिनं खुरपं खाली ठेवलं. स्वप्नाली म्हणाली, "मग चार मुनवे दे मला."

"दे म्हनालीस?" बनाबाईचा चेहरा एकदम बदलला. "बाटलीत घाल न्हायतर बुधल्यात घाल, मागून न्हेलेलं लागत न्हाय. तुला ठावं न्हाय?"

"आत्ती, आमच्याकडं औषधावर लागतंय. शिव्यांवर न्हाय."

"औषध तुझं. केळ माझी."

झालं. तिन्हीसांज होईपर्यंत पोरगी थांबली. एमएस्सी झालेली, हातात रबरी मोजे घातलेली पोरगी खुरपं घेऊन दबकत बेटात शिरली, आणि बनाबाई पाठ करून आकाशातले बगळे बघत बसली. मुनवे ओल्या गोणपाटात गुंडाळून स्वप्नाली बांधावर पोचली तशी बनाबाई उठली.

"मुडदा बशिवला तुझा. बुकं शिकून चोऱ्या कराय लागलीस व्हय ग. तुझ्या त्या मास्तराला पटकी येऊ दे, ज्यानं तुला पास केली. तुझ्या हाताला फोड येऊ देत, तुझी बाटली फुटू दे..."

इथं ती अडखळली. बाटली फुटू दे, हे म्हणायला नको होतं, असं तिला वाटलं असावं. "तुझ्या मास्तराची बाटली फुटू दे," अशी तिनं दुरुस्ती केली. स्वप्नाली हसत हसत गाडीला किक मारून गेली. बनाबाई मात्र शिव्या संपल्यावरही तिथंच उभी होती, आणि नाक ओढल्याचा आवाज मला रस्त्यावर ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी शशिधरनं बेट फवारलं, उपटलं, गड्डे खणून काढले आणि जाळलं. ओली केळ जळत नाही, नुसती धुपते. चार दिवस त्या कोपऱ्यातनं धूर येत होता आणि बनाबाईच्या भाकरीला त्याचा वास येत होता. दानम्मा त्या वाटेनं यायची बंद झाली. नदीवर, बाजारात, देवळात दोघी समोरासमोर आल्या तर बनाबाई डाव्या बाजूला बघायची आणि दानम्मा उजव्या. मला मात्र दोघींचं दूध शेजारी शेजारी ओतून घ्यावं लागायचं.

पुढच्या उन्हाळ्यात शशिधरच्या जी-नाईनच्या मधल्या ओळीत शेंड्याला झुपका दिसला. मग शेजारच्या ओळीत. बेट जाळूनही रोग आला होता. कुठनं आला, ते मावाच जाणे. त्यानं एकट्यानं दुपारच्या उन्हात ओळीच्या ओळी उपटल्या. तांबड्या मातीनं माखलेला तो संध्याकाळी डेअरीवर आला तेव्हा जो तो आपापल्या कॅनात बघायला लागला. मी मात्र मुद्दाम बनाबाईच्या दारात गेलो. खरं सांगायचं तर तिच्या तोंडून चार झणझणीत वाक्यं ऐकावीत म्हणून गेलो.

"कळलं न्हवं?" मी म्हटलं.

"कळलं." ती जोंधळे पाखडत होती. "वाईट झालं. पोरानं ठिबकसुदीक नवीन घातलंतं."

एवढंच. मी हिरमुसून परत आलो.

प्रयोगशाळेतनं अधूनमधून फोन यायचा. टोकं काढली, काही काळी पडली. एक फुटलं. फुटलेल्यातनं आणखी फुटली. तपासली, रोग नाही. बनाबाईला प्रत्येक बातमी दोनदा सांगावी लागायची आणि मग ती तिसऱ्यांदा मलाच सांगायची. असं वर्ष गेलं. मग एका संध्याकाळी स्वप्नाली बॅग पोटाशी धरून एसटीतनं उतरली. बॅगेत टॉवेलमधी गुंडाळलेल्या दोन काचेच्या बाटल्या. आत तळाला खिरीसारखं काहीतरी, आणि त्यात रोवलेली बोटभर उंचीची हिरवी केळीची रोपं, मुळ्यांसकट. बनाबाईनं बाटली उजेडाकडं धरली आणि एक एक रोप मोजलं.

"साहेबांनी फळी रिकामी करायला सांगितली," स्वप्नाली म्हणाली. "जी-नाईनच्या ऑर्डरी आल्यात. म्हनाले, ही तुझी दहीकेळ कुणी मागितलीया का? म्हटलं, न्हाय. म्हनाले, मग टाकून दे. तर मी टाकल्यागत केलं नि पिशवीत घातल्या."

"म्हंजे चोरल्यास?"

"तसंच म्हन."

"मग जगतील," बनाबाई म्हणाली. तिच्या लेखी विषय संपला होता.

स्वप्नालीनं बजावून सांगितलं: बाटल्या सावलीत ठेवायच्या, आणि झाकण उघडायचं नाही. पुढच्या रविवारी ती नारळाचा भुस्सा, ट्रे आणि प्लास्टिकचा कागद घेऊन येईल, परसात छोटा मांडव करील, मग रोपं बाहेर काढायची. "बाहेरच्या हवेची त्यांना सवय न्हाय आत्ती. आयसीयूमधलं बाळ समज."

हे बाळ समज म्हणाली, तिथंच घोटाळा झाला.

बाळ म्हटल्यावर पाचवी आली. घरात आलेल्या लेकराची पाचव्या दिवशी पाचवी पुजायची, सटवाईला दिवा लावायचा, हे बनाबाईला कुणी शिकवायला नको. पण पाट्यावर काय मांडायचं, काय नाही, हे गावातल्या प्रत्येक पाचवीला सांगायची ती दानम्मा, आणि दानम्मा तर बोलत नव्हती. असती तर म्हणाली असती, 'बनक्का, बाटलीला बाहेरनं कुंकू लाव नि गप बस.' नव्हती. बनाबाईनं पाट्यावर बाटल्या ठेवल्या, दिवा लावला. आणि बाहेरनं काचेला हळद लावून लेकराला कशी पोचणार, म्हणून झाकणं काढली. प्रत्येक बाटलीत हळदीकुंकवाची एक एक चिमूट सोडली. चमच्यानं दूधही घातलं. आणि झाकणं परत लावताना तिला वाटलं, इतके दिवस कोंडलीत बिचारी, म्हणून ती सैलच ठेवली.

रविवारी स्वप्नाली आली तेव्हा खिरीवर पांढरा कापूस उगवला होता आणि त्यात काळे ठिपके. तिनं बाटली हातात घेतली आणि उंबऱ्यावरच बसली.

"आत्ती, काय केलंस?"

"काय न्हाय केलं. पाचवी केली."

"उघडलीस?"

"हळद तर औषध हाय की ग."

"हळद औषध हाय. पन तुझ्या बोटाला सकाळचं शेण होतं, त्ये औषध न्हवं. आतल्या खिरीत साखर हाय, आत्ती. बुरशीला पन साखर गोड लागतीया." ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "तिकडं फळीवर काय न्हाय आता. मी सगळं घेऊन आलोतो. हे एवढंच होतं."

बनाबाईनं आधी बाटलीकडं बघितलं, मग स्वतःच्या हाताकडं. तो हात तिनं पदराखाली घातला, आणि दिवसभर बाहेर काढला नाही.

स्वप्नालीनं मग काय होईल ते केलं. रोपं चिमट्यानं ओढून काढली, मुळ्या धुतल्या, औषधात बुडवल्या, भुस्सा भरलेल्या ट्रेमधी लावल्या, वरनं प्लास्टिक ताणलं. रात्री नोकरीसाठी परत जाताना ती म्हणाली, "कागद फक्त सकाळी वाईच उचलायचा. जास्त पाणी घालायचं न्हाय. आनि आत्ती, पूजा न्हाय."

"हात लावनार न्हाय," बनाबाई म्हणाली.

आणि तिनं लावला नाही. तिच्या आयुष्यातली ही सर्वांत अवघड गोष्ट असावी. ती मांडवाच्या पलीकडं बसायची आणि रोज एखादं रोप मान टाकायचं, ते बघायची. सकाळी डेअरीवर आली की मी विचारायचो नाही. तिच्या तोंडावरनं कळायचं. असं होत होत एकच रोप राहिलं. त्याला नवं पान आलं. मग आणखी एक. जुन्या बांधावर रोगाची माती, म्हणून ते घरामागच्या मोरीवर लावलं, जिथं भांड्यांचं पाणी जातं. एक पावसाळा गेला. केळ डोक्याच्या वर गेली, आणि पुढच्या पावसाच्या तोंडाला तिच्या बुडातनं मुनवे वर आले. दांड्यावर जुन्या बेटासारखीच तांबूस रेघ. दहीकेळच. पण फळ अजून धरलं नव्हतं, त्यामुळं आंबूस झाक उरलीय की बाटलीत विरघळली, ते कुणालाच माहीत नव्हतं.

पण बनाबाईची काळजी वेगळीच होती.

"एका जागी जीव किती दिस राहतोय, बाळासो?" ती मला म्हणाली. "पुन्ना मावा आला, पुन्ना संपलं. आता मोहरीएवढं काढाय पोरीकडं फळी पन न्हाय. गावात चार मोऱ्यांवर गेली म्हंजे मी सुटलो."

"मग दे की चार जणांना."

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी दुधाच्या नावानं पाणी विकतोय.

चोर पाहिजे होता. आणि चोर येईना. शशिधरनं डेअरीच्या कट्ट्यावर सांगून ठेवलं होतं, "तिकडचा मुनवा कुणी आनू नका रं. एकदा पोळलोय मी." त्याचंही काही खोटं नव्हतं, अर्धं रान त्यानं स्वतःच्या हातानं उपटलं होतं. बाकीच्यांना केळ गाड्यावर मिळत होती, आणि चोरून आणून लावायला परस उरलं नव्हतं. बनाबाईनं कुंपणाचा एक वासा स्वतःच काढून ठेवला आणि संस्थेत चारचौघांसमोर मोठ्यानं सांगितलं, "कुंपान मोडलंय आमचं. मागनं कुणी बी शिरंल. मला तर आता सांजच्याला दिसत बी न्हाय." तीच बाई दुधाच्या मापावरचा आकडा माझ्या आधी वाचते. एकदा खुरपं मोरीजवळ विसरल्यासारखं टाकून आली. खुरपं चोरीला गेलं. मुनवा तिथंच.

मुनवे वाढत होते आणि आईचा जीव ओढून घेत होते. पाऊस संपायच्या आत हलवले नाहीत तर कापून टाकावे लागणार होते. कापायचं म्हणजे बनाबाईनंच, तिच्याच हातानं.

आषाढातली एक संध्याकाळ. दिवसभर भुरभुर लागून राहिली होती, परसात घोट्याएवढा चिखल. बनाबाईचं दूध डेअरीवर आलं नव्हतं, म्हणून विचारायला मी तिच्या मागच्या दारात गेलो. ती उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. तोंड घराकडं, पाठ मोरीकडं. मी तोंड उघडणार तोच तिनं बोट ओठावर ठेवलं.

मोडक्या कुंपणातनं कुणीतरी शिरत होतं. आधी विळा दिसला, मग पदर. मग एक गुडघा, हातानं धरून उचलून आत ठेवलेला. दानम्मा.

मुनव्यापाशी जाऊन ती वाकली आणि दोन्ही हातांनी ओढायला लागली. मुनवा हलेना. ती थांबली, दम घेतला, पुन्हा ओढलं.

"वरनंच वढालीया," बनाबाई दातांत पुटपुटली. "तुटंल. ह्या बाईला जलमात कधी धड चोरी जमली न्हाय. शशिधर झाला त्या येळंला पन मीच आधी सैल करून ठेवलाता."

"मग जा की मदतीला."

"मालकानं बघायचं नसतंय." आणि मग ती समोरच्या भिंतीशी मोठ्यानं बोलायला लागली. "काय पाऊस हाय बाई. माती कशी लोन्यागत झालीया. डावीकडनं वाईच विळा घातला तर उंदीरसुदीक गड्डा काढंल."

मोरीकडची धडपड थांबली. मग दानम्मा सरकत सरकत डावीकडं गेली. जरा वेळानं चिखलातनं काहीतरी सुटल्याचा आवाज आला. मुनवा पदराखाली घेऊन ती कुंपणाबाहेर पडली आणि बांधावर चढली.

बनाबाई उठली, वळली. तिनं कमरेला पदर खोचला, तोंड उघडलं. आणि आवाजच फुटेना. अडीच वर्षांचा अबोला घशात बसलेला. ओठ हलत होते, हात हवेत गेला होता, पण शिवी एक नाही. मी घाबरलो. शिवीशिवाय गेलेला मुनवा म्हणजे मेलेलाच.

दानम्मापण बांधावर थांबली होती. शिव्या न घेताच कशी जाणार? पावसात भिजत, पाठमोरी, मुनवा छातीशी धरून. शेवटी मान न वळवता म्हणाली, "बनक्का, गुडगं दुखाल्यात. द्यायच्या असल्या तर लौकर दे."

"सटवे," बनाबाईच्या तोंडातनं कसंबसं निघालं. मग घसा मोकळा झाला. "सटवे, चोरट्ये, त्या दिशी बांधावर तुझी जीब कुनी गिळलीती ग? आनि आज विळा घिऊन आलीस. तुझ्या दुरडीला वाळवी लागू दे. तुझं गुडगं झिजून..." ती थबकली, आणि गुडघ्यांचं तसंच अर्धवट सोडून सासऱ्यापर्यंत मागं गेली. दानम्मा एक एक पाऊल जपून टाकत उतरणीला लागली. तिची पाठ हलत होती, ती हसण्यानं की रडण्यानं, ते पावसात दिसलं नाही.

दुसऱ्या सकाळी शशिधर डेअरीवर दूध घेऊन आला. कॅन ठेवून तो उगीच रेंगाळला. आईला तो कन्नडमधी अव्वा म्हणतो.

"बाळासोदादा, अव्वानं आमच्या मोरीवर कायतरी लावलंय."

"केळ आसंल."

"कुठनं आनली इचारलं तर सांगत न्हाय."

"चोरून आनली आसंल."

तो रस्त्याच्या पलीकडं बघत राहिला, जिथनं त्याच्या रानाचा कोपरा दिसतो. मोरीपासनं रान किती लांब, मावा किती उडतो, हे सगळं त्याच्या तोंडावर चाललेलं मला दिसत होतं. उपटून टाकतो म्हणाला असता तरी मी त्याला दोष दिला नसता.

"रोज पान उलटून बघाय पायजे," तो शेवटी म्हणाला. "एक जरी मावा दिसला तर मी गप बसनार न्हाय, अव्वा असली तरी." मग कॅनचं झाकण उगीच दाबत, माझ्याकडं न बघता, "आनि मावशीला एक निरोप हाय अव्वाचा. म्हनाली, पानानं मान टाकलीया. काल शिव्या कमी पडल्या म्हन तिला."

मी निरोप जसाच्या तसा पोचवला. बनाबाई चुलीपुढं होती. तिनं हात धुतले, तोंडावरनं ओला हात फिरवला, आणि भुरभुरीत तशीच बाहेर जाऊन बांधावर चढली. दानम्माच्या घराकडं तोंड करून तिनं एक दीर्घ श्वास घेतला. आणि या वेळी सुरुवात शशिधरपासनं केली.